निंबसरच्या घाटावरची ओटी

विश्रांतवाडी, पुणे
२५ नोव्हेंबर

नंदू,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझी शाल परत पाठवते आहे. तुझा ड्रायव्हर बद्रीनाथ जिना चढून आला, दारात उभा राहिला आणि पाठ केलेलं म्हणून दाखवलं. "मॅडमनी सांगितलं, मोठ्या मॅडमच्या हातातच द्या. अन् चौकशीवाल्यांनी बोलावलं तर म्हणा, गर्दीत काही दिसलं नाही."

मी म्हटलं, "बद्रीनाथ, मी पहिल्या रांगेत, तुमच्या मॅडमच्या शेजारी बसले होते. माझ्यापुढे फक्त नदी होती. गर्दी कुठून आणू?"

"ते मला सांगितलं नाही, मॅडम," तो म्हणाला.

तुझ्या मंडळात एवढा सरळ माणूस एकच असावा, आणि त्याला तू गाडी चालवायला ठेवलं आहेस.

शाल सुरेख आहे. मध्ये पाण्याचा थेंब, दोन्ही बाजूंनी दोन राज्यांचे दोन हात. वाहून गेलेल्या मथुराबाईंचं तेरावं व्हायच्या आत तुम्ही शाली वाटून मोकळे झालात. कार्यक्रम उरकावा तर असा.

पाच वर्षं आपण बोललो नाही. आई गेली तेव्हा मी तुला मुद्दाम उशिरा कळवलं, असं तू सगळीकडे सांगतेस. तुझा फोन लागत नव्हता, यापलीकडे मला त्यावर काही लिहायचं नाही. मग एकदम छापील आमंत्रण आलं आणि खाली तुझ्या अक्षरात ‘ताई, ये. तुला बरं वाटेल.’ मला बरं वाटावं म्हणून नाही, तुझ्या खुर्चीसमोरची पाटी मी वाचावी म्हणून बोलावलंस. मी वाचली. ‘राजनंदिनी, मुख्य समन्वयक, संयुक्त खोरे मंडळ.’ स्पेलिंग बरोबर होतं.

चौकशीत काय सांगणार आहे ते इथेच लिहिते. नंतर ‘ताईने पाठीत खंजीर खुपसला’ म्हणायला नको. समोरून खुपसते आहे.

धरण आपलं, कालवे खालच्या राज्याचे. आपण आपल्या सोयीने वीज काढतो, पाणी सोडतो, आणि ते नको तेव्हा आलं म्हणून खालचे बोंब मारतात. तू दोघांना एका टेबलाशी बसवलंस. वीज अशा वेळी काढायची की तेच पाणी खाली पिकांना हवं तेव्हा पोहोचेल. नवं धरण नको, नवी गावं बुडवायला नकोत. कल्पना चांगली आहे. केवळ तुझी म्हणून तिला वाईट म्हणण्याइतकी मी घसरलेली नाही.

पण नुसत्या सह्यांनी तुझं भागेना. सीमेवर निंबसरच्या घाटावर दोन्ही राज्यांनी मिळून नदीची ओटी भरायची, भाषणं संपली की वरच्या वीजगृहातून पाणी सुटायचं आणि पाहुण्यांनी घाटाच्या वरच्या पायरीवरून ते येताना बघायचं. फोटो नीट यावेत म्हणून तुम्ही पात्रातले खडक आणि झुडपं काढून टाकलीत. नदी नव्हे, बॅडमिंटनचं कोर्ट. ओटी कशी भरायची हे तुमच्यापैकी एकीलाही येत नव्हतं, म्हणून गावातून मथुराबाईंना आणलं. ओटीचा पहिला मान त्यांच्या घराचा. तू कुंकवाच्या करंड्यात बोट घातलंस तेव्हा त्या म्हणाल्या, "आदी हळद, बाई. घाई करू नगा. नदी काय पळून जात न्हाई."

साडी, खण, नारळ घालून सूप पाण्यात सोडलं. पाणी होतं कुठे? सूप चिखलात रुतून बसलं. दोन राज्यांचे कॅमेरे आणि एक रुतलेलं सूप. खालच्या राज्याचे रंगराव मोठ्याने म्हणाले, "मॅडम, तुमची नदी रजेवर गेली काय?" सगळे हसले. तू हसली नाहीस. तुला हसलेलं कधीच चालत नाही, शाळेपासून.

तू वीजगृहाला फोन लावलास. "आत्ताच सोडा. नाही, भोंगा नको, साहेबांचं भाषण चालू आहे." फोन ठेवलास आणि मथुराबाईंना म्हणालीस, "मावशी, ते सूप जरा पुढे ढकलता का?"

त्या उतरल्या. पूर्वी पाणी खडकांत रेंगाळत यायचं. त्या दिवशी त्याला रेंगाळायला तुम्ही काही ठेवलंच नव्हतं. पाणी आलं तेव्हा पाहुण्यांना वाटलं, हाच तो ठरलेला कार्यक्रम. टाळ्या वाजल्या. बँडवाल्यांनीही वाजवायला घेतलं. मी ओरडत होते आणि माझ्या शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "हो ना, किती छान!"

एवढंच सांगणार आहे. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही.

मंदाकिनी


विश्रांतवाडी
९ डिसेंबर

नंदू,

चौकशीला जाऊन आले. तुला कळलं असेलच, पण माझ्याकडून ऐक.

पहिला बराच वेळ इतिवृत्त आधी कुठल्या भाषेत लिहायचं यावर गेला. आपले दत्तप्रसाद एका बाजूला, रंगराव दुसऱ्या बाजूला. चहा कुणाच्या खर्चाने, यावरही दोघांची तोंडं वाकडी झाली. मी मनात म्हटलं, बरं आहे. एकमेकांचं तोंड बघवत नाही तर निदान खरं तरी बाहेर काढतील.

मग माझी पाळी आली. तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. दत्तप्रसादांनी चष्मा पुसला.

"आपला आणि राजनंदिनी मॅडमचा कात्रजच्या फ्लॅटवरून दावा चालू आहे, खरं ना?"

"हो. आईचा फ्लॅट आहे."

"म्हणजे आपले संबंध तितकेसे..."

"वाईट आहेत. म्हणून तर तिचा आवाज मला लांबूनही ओळखू येतो."

"आपल्याला चष्मा आहे?"

"आहे. कानांना नंबर नाही."

रंगराव फार मऊ बोलतात. म्हणाले, "बाई, दुःखात माणसाला वाटतं की आपण ऐकलं. आमच्याकडेही होतं असं."

"तुमच्याकडे काय होतं ते मला ठाऊक नाही. तुम्ही नदी रजेवर गेली म्हणालात तेही मी ऐकलं. ते दुःखात ऐकलं का?"

त्यांनी दत्तप्रसादांकडे पाहिलं. दत्तप्रसादांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. रंगरावांनी एक घेतलं आणि बशी परत सरकवली. दोन राज्यांचं सहकार्य मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, नंदू. तुझी मंडळातली तीन वर्षं वाया गेली नाहीत.

वीजगृहातल्या माणसाने ‘फोन आला म्हणून पाणी सोडलं’ असं आधी सांगितलं होतं. आता त्याला फोन आठवत नाही. त्याची बदली त्याच्या घराजवळ झाली आहे म्हणे. अभिनंदन कळव.

दाव्याची गोष्ट त्यांना तूच पुरवलीस. तू माझ्याशी भांडलीस त्याचा मला राग नाही, भांडण आपलं होतं. ते तू फाईलला लावलंस.

मंदाकिनी


विश्रांतवाडी
२२ डिसेंबर

नंदू,

काल सूरज आला होता. मथुराबाईंचा मुलगा. तू त्याला ओळखणार नाहीस. तो हडपसरला कारखान्यात काम करतो, रविवारी गावी जातो. माझा पत्ता त्याने बद्रीनाथकडून काढला. बद्रीनाथवर डाफरू नकोस, नाहीतर त्याला मी ठेवून घेईन.

अहवालाच्या मसुद्याचा फोटो सूरजच्या मोबाइलवर होता. त्याने तो माझ्यापुढे धरला. "मावशी, तुमी शिकल्या-सवरलेल्या. ह्याचा दुसरा काय अर्थ हुतो का, तेवढं बगा."

‘सदर महिला ओटीतील साडी व नारळ काढून घेण्याच्या हेतूने स्वतःहून नदीपात्रात उतरली.’

मी दोनदा वाचलं. दुसरा अर्थ होत नव्हता.

भाषा तुझी आहे. ‘सदर’ हा शब्द तू दहावीच्या निबंधातही घालायचीस आणि सिस्टर बेनेडिक्टा त्याखाली लाल रेघ मारायच्या.

तुला बहुतेक ठाऊक नसेल, की निंबसरमध्ये नदीच्या ओटीतलं परत घेणं म्हणजे काय. तिथे माणूस दारू पिऊन बायकोला मारतो, त्याला देवळात घेतात. ओटीतलं उचललं तर घेत नाहीत. सूरजने सांगितलं तेव्हा मला कळलं. "पौषातल्या ओटीचा मान आमच्या घराचा. गाववाले म्हनले, यंदा न्हाई. बायको पान्याला गेली की बाया कळशी उचलून बाजूला हुत्यात. तोंडानं कोन काय बोलत न्हाई. बोलले असते तर मी भांडलो असतो."

मी म्हटलं, वर्तमानपत्रात देऊ. संपादकांना पत्रं लिहिण्यात माझी हयात गेली आहे. तर तो हात जोडून म्हणाला, "नको. गावाला ठाव हाय तेवढं बास. ते छापून आलं की सगळ्या तालुक्याला कळंल. लोक वरचंच वाचत्यात, मावशी."

मी विचारलं, "मग तुला काय हवं?"

"कुनाला फाशी नको. भरपाई नको. आईनं उभ्या जन्मात कुनाचं सुपारीचं खांड उचललं न्हाई. ते साडी-नारळाचं तेवढं खोडाया सांगा."

एक ओळ आहे, नंदू. तू पाणी सोडलंस, भोंगा बंद ठेवलास, तिला खाली पाठवलंस. त्यातलं काही तो मागत नाही. त्याला ते ठाऊक आहे की नाही, हेही मला कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही. त्याला एक ओळ खोडून हवी आहे.

मी त्याला शब्द दिला आहे. माझा शब्द काय असतो ते तुला माहीत आहे. त्यावरूनच आपण कोर्टात आहोत.

मंदाकिनी


विश्रांतवाडी
४ जानेवारी

नंदू,

काल फोन केलास हे बरं केलंस. तुझा आवाज म्हातारा झाला आहे. मला बरं वाटलं.

तू बोललीस ते लिहून ठेवते आहे, कारण उद्या तू म्हणशील की ताई रागात होती, तिला वाटलं की तिने ऐकलं.

मी म्हटलं, कात्रजचा फ्लॅट घे. दावा उद्या मागे घेते. ती ओळ काढ.

तू नाक ओढलंस. मला वाटलं रडते आहेस. तू हिशेब करत होतीस. मग म्हणालीस, "ताई, फ्लॅटचा प्रश्नच नाही. पाणी कुणी सोडलं ते लिहिलं तर आपले सही करत नाहीत. घाटाचा बंदोबस्त कुणाकडे होता ते लिहिलं तर खालचे सही करत नाहीत. दोघांची हरकत नाही असं अख्ख्या प्रकरणात एकच माणूस आहे."

"ती मेली आहे."

"म्हणूनच."

हे तू म्हणालीस. आईच्या पोटची.

मग तू मला समजावलंस, जणू मी तुमच्या कराराला पैसे देणाऱ्या कुठल्यातरी बँकेची पाहुणी आहे. या महिन्याअखेर अहवाल आला नाही तर करार मोडतो. करार मोडला की खालचे कोर्टात जातात, आपले वर दुसरं धरण बांधायला घेतात, आणि त्यात सात गावं जातात. "सात गावं, ताई. तू एका ओळीचं काय घेऊन बसलीस?"

आणि तुझी परदेशातली नेमणूक? त्या दुसऱ्या नदीवर, चार देशांना सहकार्य शिकवायला? तू म्हणालीस, त्याचा याच्याशी संबंध नाही. शाळेत डब्यातला लाडू खाऊन तू असंच म्हणायचीस आणि तोंडावर बेसन असायचं.

पण सात गावांचं तू खोटं बोलत नाहीस, हेच वाईट आहे. तू नुसती दुष्ट असतीस तर माझं काम सोपं होतं.

शेवटी वैतागून तू म्हणालीस, "त्या दोघांना चालेल अशी दुसरी ओळ दे मला. आजच्या आज घालते."

आणि फोन ठेवलास. उत्तर ऐकायचं नसलं की तू असंच करतेस.

मंदाकिनी


विश्रांतवाडी
१९ जानेवारी

नंदू,

तुला दुसरी ओळ मिळाली. कशी वाटली?

मी दत्तप्रसादांकडे गेले आणि म्हटलं, जबाब बदलायचा आहे. त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, म्हातारी आता आणखी काय घेऊन आली. मी लिहून दिलं. मथुराबाईंना सूप ढकलायला मी सांगितलं. मी पाहुणी, पाणी सुटणार आहे हे मला ठाऊक नव्हतं. बहिणीचं नाव आधी घेतलं ते फ्लॅटच्या रागातून. मथुराबाई स्वतःहून उतरल्या नाहीत, ओटीतल्या कशालाही त्यांनी हात लावला नाही.

दत्तप्रसादांनी वाचलं. मग त्यांनी चहा सांगितला, आणि चहाबरोबर वडे. रंगरावांना फोन लावला. रंगराव फोनवरून मला म्हणाले, "बाई, फार मोठं मन तुमचं." मी म्हटलं, "तुमची नदी आली का रजेवरून?" त्यांना आठवेना मी कशाबद्दल बोलते आहे.

अहवालात आता असं आहे: पाणी ठरल्या वेळी सुटलं, भोंग्यात बिघाड होता, आणि एका वयस्क पाहुणीने अजाणता एका बाईला पात्रात उतरवलं. आपल्यालाही चाललं, खालच्यांनाही चाललं. सकाळी मी कागद दिला, संध्याकाळपर्यंत दोन्ही भाषांत अहवाल तयार होता. इतक्या दिवसांत तुमच्या मंडळात एवढ्या झपाट्याने काही झालं असेल तर ते हेच.

सगळ्यात खाली तुझी सही आहे. तू त्या दिवशी माझ्या शेजारी बसली होतीस. हे खोटं आहे हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर ते तुला. मला वाटलं होतं, तू निदान एक रात्र काढशील. एक फोन करशील. तू मोबाइलवर जोडलेले हात पाठवलेस. पिवळे.

तुझ्यासाठी केलं असं समजून गहिवरू नकोस. सात गावांसाठीही नाही, ती मी पाहिलेली नाहीत. आणि दावा मी मागे घेतलेला नाही. खोटं बोलले म्हणजे मूर्ख झाले असं नव्हे. पुढच्या महिन्यात अकरा तारखेला कोर्टात भेटू.

सूरजच्या घरचा मान परत आला. पौषातली ओटी त्याच्या बायकोने भरली. हे मला बद्रीनाथकडून कळलं.

सूरज स्वतः परवा आला. दारात उभा राहिला, चपला काढल्या नाहीत. मी ‘आत ये’ म्हटलं तर त्याने न ऐकल्यासारखं केलं. हातात नवा अहवाल होता, आता कागदावरचा.

"तुमीच व्हय?"

मी काय म्हणणार होते? नाही म्हटलं की ही ओळ जाते आणि जुनी परत येते. म्हटलं, "हो. मीच."

"मागं आलो तवा बोलला न्हाई. पानी दिलं, च्या दिला, सगळं इचारून घेतलं. अन् बोलला न्हाई."

"नाही बोलले."

शेजारच्या मंडळींनी दार किलकिलं केलं होतं. तो आवाज चढवेल असं मला वाटलं. चढवला असता तर मला बरं पडलं असतं, मलाही चढवता आला असता. तो हळूच म्हणाला, "आईला पवता येत न्हवतं. उतर म्हनताना इचारलं हुतं का तुमी तिला?"

मी म्हटलं, "आठवत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. अशा नजरेने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलेलं नाही, तूही नाही. म्हणाला, "आटवा. गुरवारी बायकोला घिऊन येतो. तिला ऐकायचं हाय."

तेव्हा गुरुवारच्या आत मला कळव. मी शेजारी होते, घाटावर तू बोललेला शब्द न् शब्द मी ऐकला. त्यात हा प्रश्न नव्हता. पण सकाळी सूप भरताना तुम्ही दोघी बराच वेळ बरोबर होतात, तेव्हा मी लांब होते. तेव्हा कधी बोलता बोलता तू तिला विचारलं असशील, ‘मावशी, पोहता येतं का?’ असं, तर तेवढं लिही. सूरजच्या बायकोपुढे म्हणायला मला काहीतरी पाहिजे.

ताई